उंच झालो की परत येऊ का?

निवड चाचणीच्या दिवशी माझ्याकडे बहुधा टेप धरण्याचे काम येते. मी प्रशिक्षक नाही आणि खेळाडू म्हणूनही फार पुढे गेलो नाही. मैदानाशी असलेला संबंध तुटू नये म्हणून अशा दिवशी मदतीला जातो, इतकेच. उभ्याने लांब उडीच्या पट्टीपाशी टेपचे एक टोक दाबून ठेवायचे, वाळूत उमटलेल्या टाचेच्या खुणेपर्यंत तो ताणायचा, आकडा मोठ्याने सांगायचा आणि लिहून घेणारा तोच आकडा परत उच्चारेपर्यंत थांबायचे. त्या दिवशी चौदा वर्षांखालील मुलांची चाचणी होती. एकाच वयोगटाच्या रांगेत मिसरूड फुटलेली, आवाज घोगरा झालेली, पोटऱ्या भरलेली मुले उभी होती आणि त्यांच्याच मागेपुढे, छातीवर लावलेला क्रमांकाचा कागद ज्यांच्या कमरेपर्यंत पोहोचत होता, अशीही मुले उभी होती. त्या लहानखुऱ्या मुलांपैकी एकाची उडी मला अजून दिसते. लांबीच्या हिशेबात ती यादीच्या तळाकडची होती. पण हात मागून पुढे येण्याची वेळ, हवेत गुडघे छातीशी घेणे, उतरताना टाचा पुढे टाकून सगळे शरीर त्यांच्यावरून पलीकडे नेणे, हे ज्या सहजतेने त्याने केले ते पाहून मी आकडा सांगायला क्षणभर विसरलो. दुपारी यादी लागली आणि तिच्यात त्याचे नाव नव्हते. तो रडला नाही. प्रशिक्षकांसमोर जाऊन त्याने सरळ विचारले, "सर, मी उंच झालो की परत येऊ का?"

प्रशिक्षक म्हणाले, "बघू."

ते "बघू" मला पुढे बरेच दिवस खुपत राहिले. प्रशिक्षक मनाने चांगले आहेत, त्यांना त्या मुलाला दुखवायचे नव्हते, आणि खोटे आश्वासन देण्यापेक्षा "बघू" म्हणणे अधिक प्रामाणिकही होते. परंतु त्या मुलाने विचारलेली गोष्ट करता येईल अशी व्यवस्थाच तिथे नव्हती. निवड झालेली मुले वसतिगृहात जातात, दररोज दोन वेळा सराव करतात, आणि दोन वर्षांनी सोळा वर्षांखालच्या गटात गेली की त्यांच्यातून आणखी काही गळतात. गळालेल्यांच्या जागी नवे कोणी आलेच तर ते दोन-चार असतात, आणि तेही एखाद्या स्पर्धेत पदक मिळवून स्वतःहून नजरेत भरलेले. या सगळ्या रचनेला बाहेर जाण्याचे दरवाजे पुष्कळ आहेत. आत येण्याचा मात्र एकच आहे, आणि तो मुलांच्या आयुष्यातल्या नेमक्या अशा वर्षी उघडतो जेव्हा त्यांच्या शरीरांबद्दल काहीही ठामपणे सांगणे सर्वांत अवघड असते.

वयोगट म्हणजे काय, याचा विचार आपण सहसा करत नाही. गटाची सीमा १ जानेवारी असेल, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच रांगेत उभे राहतात. दहा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत अकरा महिने म्हणजे आतापर्यंतच्या आयुष्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडातील आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या पातळीवरील संघांमध्ये वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी आणि शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा तुटवडा त्यांना आढळला. त्यानंतर फुटबॉलपासून इतर अनेक खेळांत हाच प्रकार पुन्हा पुन्हा दिसून आला आहे, आणि जिथे गटाची सीमा सप्टेंबरात आहे तिथे हा झुकावही निमूटपणे सप्टेंबराकडे सरकतो. याचा अर्थ उघड आहे: आपण गुणवत्ता म्हणून जे निवडतो त्यातला काही भाग निव्वळ जन्माचा महिना असतो. मोठा दिसणारा मुलगा संघात येतो, त्याला चांगला प्रशिक्षक, अधिक सामने, अधिक लक्ष मिळते, आणि तीन वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला खेळाडू झालेला असतो. मग निवड अचूक होती असे सगळ्यांना वाटते.

जन्ममहिन्याची ही तफावत तरी कागदावर दिसते. शरीराच्या घड्याळाची तफावत कागदावर दिसत नाही. मुलींमध्ये वाढीचा सर्वांत वेगवान काळ सरासरीने बाराव्या वर्षाच्या आसपास येतो आणि मुलांमध्ये चौदाव्याच्या आसपास, पण ही झाली सरासरी. प्रत्यक्षात तेरा-चौदा वर्षांच्या दोन मुलांच्या हाडांच्या वयात, म्हणजे हाडे किती पक्व झाली आहेत यावरून ठरणाऱ्या वयात, चार-पाच वर्षांपर्यंत अंतर असू शकते. वाढीचा हा झपाटा सुरू असताना उंची वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटरने वाढते, आधी पाय लांब होतात आणि धड मागाहून येते, आणि काल ज्याची धाव रेशमासारखी होती तो मुलगा आज स्वतःच्याच पायांत अडखळतो. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर, टाचेवर, जिथे स्नायूंचे कंडरे अजून कच्च्या असलेल्या हाडाला ओढत असतात, तिथे दुखू लागते. मैदानावर त्याला "आळस आला", "डोक्यात हवा गेली" अशी नावे मिळतात. २००२ मध्ये मिरवाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंची, बसलेली उंची (बैठकीपासून डोक्यापर्यंतची), वजन आणि वय यांवरून मूल त्या झपाट्यापासून किती दूर आहे याचा अंदाज बांधण्याचे सूत्र मांडले. ते अगदी अचूक नाही, विशेषतः फार लवकर किंवा फार उशिरा वाढणाऱ्यांच्या बाबतीत ते चुकते. पण त्यासाठी जे लागते ते म्हणजे एक वजनकाटा, एक स्टूल आणि माझ्या हातात होता तसलाच एक टेप. त्या दिवशी आम्ही उडी मोजली, उंची मोजली, बसलेली उंची कोणीही मोजली नाही.

इंग्लंडमधील फुटबॉलच्या प्रीमियर लीगने २०१५ च्या सुमारास एक प्रयोग केला होता, त्याचे मला फार आकर्षण वाटते. अकादमीतील अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांना वयानुसार न विभागता, त्यांच्या प्रौढपणीच्या अंदाजित उंचीच्या ८५ ते ९० टक्के उंची ज्यांनी गाठली आहे अशांना एकमेकांविरुद्ध खेळवले गेले. लवकर वाढलेल्या मुलांना प्रथमच आपल्याएवढ्याच दांडग्या मुलांशी सामना करावा लागला आणि केवळ धक्क्यावर चेंडू मिळवण्याची सोय संपल्यामुळे त्यांना पायांतले कौशल्य शोधावे लागले. उशिरा वाढणाऱ्या मुलांना चेंडू पायात घेऊन खेळाची सूत्रे हाती घेण्याची संधी मिळाली. यातला पहिला भाग मला दुसऱ्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. निवडल्या गेलेल्या दांडग्या मुलावरही वयोगटाची व्यवस्था अन्याय करत असते, हे आपल्या लक्षात येत नाही. त्याला तेराव्या वर्षी ताकदीवर जिंकण्याची सवय लागते आणि अठराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे झाले की त्याच्या हातात काहीच उरत नाही. ज्या मुलाला पाहून आई-वडिलांनी सगळे पणाला लावलेले असते, तो बहुधा हाच मुलगा असतो.

आणि पणाला लावण्याची घाई तर विलक्षण आहे. मैदानाच्या कठड्यावर बसलेले पालक मला दहा हजार तास सराव केला की माणूस निष्णात होतो, हा हिशेब सांगतात: रोज तीन तास, इतकी वर्षे, म्हणजे सहाव्या वर्षी सुरुवात करायलाच हवी. या आकड्याचा उगम मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन यांच्या १९९३ मधील अभ्यासात आहे, आणि तो अभ्यास बर्लिनमधील संगीत अकादमीच्या व्हायोलिनवादकांचा होता. दहा हजार ही तिथल्या सर्वोत्तम गटाची विसाव्या वर्षापर्यंतची सरासरी होती. त्या गटातल्याही अनेकांनी तोपर्यंत तो आकडा गाठलेला नव्हता. व्हायोलिनचा गज गुडघ्याच्या सांध्याला झिजवत नाही, हे तर वेगळेच. खेळाडूंबद्दल अर्ने ग्युलिच, ब्रूक मॅकनमारा आणि डेव्हिड हॅम्ब्रिक यांनी सहा हजारांहून अधिक खेळाडूंच्या माहितीचा एकत्रित अभ्यास करून २०२१ मध्ये जे मांडले ते या कठड्यावरच्या हिशेबाच्या उलट जाते. प्रौढपणी जागतिक पातळीवर पोहोचलेल्यांनी, राष्ट्रीय पातळीवर थांबलेल्यांच्या तुलनेत, लहानपणी अधिक खेळ खेळलेले होते, आपला मुख्य खेळ उशिरा सुरू केला होता आणि सुरुवातीला त्यांची प्रगतीही मंद होती. कुमारवयातच चमकलेल्या खेळाडूंच्या बाबतीत चित्र नेमके उलटे होते: लवकर सुरुवात, एकच खेळ, झपाट्याने वर जाणे. म्हणजे चौदाव्या वर्षीचे पदक आणि चोविसाव्या वर्षीचे पदक यांच्याकडे जाणारे रस्ते काही अंशी वेगवेगळे आहेत, आणि आपण पहिल्या रस्त्यावरचा वेग पाहून दुसऱ्या रस्त्याचे प्रवासी निवडतो.

सगळ्याच खेळांना हे सारखे लागू होत नाही. जिम्नॅस्टिक्स किंवा फिगर स्केटिंगमध्ये लहान, हलके शरीर हेच भांडवल असते, त्यामुळे तिथे घाई खेळाच्या रचनेतच आहे आणि तिला आळा घालायला नियम लागतात. जिम्नॅस्टिक्सने १९९७ पासून महिलांच्या वरिष्ठ गटाची किमान वयोमर्यादा सोळा केली. स्केटिंगच्या जागतिक संघटनेने २०२२ मध्ये ती पंधरावरून टप्प्याटप्प्याने सतरावर नेण्याचे ठरवले. टेनिसमध्ये हीच वेळ आधी आली होती. जेनिफर कॅप्रिआटी १९९० मध्ये, चौदावा वाढदिवस यायच्या आधीच व्यावसायिक झाली, त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्य फेरीत पोहोचली, १९९२ मध्ये बार्सिलोनात स्टेफी ग्राफला हरवून तिने ऑलिम्पिक सुवर्ण मिळवले, आणि १९९३ संपता संपता ती खेळातून दूर झाली होती. महिला टेनिस संघटनेने १९९५ पासून अठरा वर्षांखालील मुलींनी वर्षाला किती स्पर्धा खेळाव्यात यावर मर्यादा घातली. कॅप्रिआटीची गोष्ट मात्र तिथे संपत नाही. ती परतली आणि २००१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि फ्रेंच अशा दोन्ही स्पर्धा जिंकून जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. ही गोष्ट सांगणारे तिच्या जिद्दीचे कौतुक करतात. मधल्या वर्षांबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

मधली वर्षे मी जवळून पाहिली आहेत, पण ती प्रसिद्ध माणसाची नव्हेत.

आमच्या वेळी एक मैत्रीण पोहत असे. तिच्या केसांना, वह्यांना, अगदी हिवाळ्यात घातलेल्या स्वेटरलाही क्लोरीनचा वास असायचा, आणि वर्गात ती शेजारी येऊन बसली की तलावाच्या भिंतींमध्ये घुमणाऱ्या आवाजासकट तो सगळा परिसर आपल्याजवळ आल्यासारखा वाटायचा. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला तिने आपल्या वेळा पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या, सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत. पंधराव्या वर्षी त्या वेळा कमी व्हायच्या थांबल्या. मुलींच्या बाबतीत वयात येताना शरीराची ठेवण बदलते, चरबीचे प्रमाण वाढते, पाण्यातला तोल बदलतो, आणि एक-दोन वर्षे प्रगती थांबणे हे त्या वयाचे अगदी नेहमीचे लक्षण असते. पण तिला सांगण्यात आले की ती वजनाकडे लक्ष देत नाही. तिने लक्ष दिले. इतके दिले की तिची पाळी बंद झाली, आणि सराव नीट चालल्याचे ते चिन्ह आहे असे समजणारी माणसे तेव्हा पुष्कळ होती. कमी खाणे आणि जास्त सराव यांतून हाडे, हॉर्मोन आणि मन अशा सगळ्यांवर होणाऱ्या या परिणामांना आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ मध्ये ऊर्जेच्या सापेक्ष कमतरतेचा विकार म्हणून एकत्र मांडले. त्याला तोवर आमच्या पिढीच्या दृष्टीने फार उशीर झालेला होता. सतराव्या वर्षी तिने पोहणे सोडले. पुढे महाविद्यालयाच्या प्रवेशअर्जात "छंद" असा रकाना होता, तो भरताना ती बराच वेळ पेन हातात धरून बसली होती आणि शेवटी तिने तो कोराच सोडला. तिला अनेक वर्षांनी याची आठवण करून दिली तेव्हा ती हसली, आणि म्हणाली की पहाटे उठण्याची शिस्त, हरल्यावर दुसऱ्या दिवशी परत जाण्याची ताकद, हे सगळे तिला तलावानेच दिले. तिला राग नाही. मला आहे, आणि तो मी तिच्या वतीने बाळगावा की नाही हे मला अजून ठरवता आलेले नाही.

खेळाबरोबर शिक्षण किंवा एखादे काम चालू ठेवण्याला आता दुहेरी कारकीर्द म्हणतात, आणि युरोपीय संघाने २०१२ मध्ये त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वेही काढली: परीक्षांच्या तारखांत लवचीकता, दूरशिक्षण, निवृत्तीनंतरच्या कामाची तयारी. ही सगळी तरतूद बहुतेक वेळा पोटापाण्याच्या भाषेत सांगितली जाते आणि पालकांनाही तीच पटते. मला तिचे दुसरेही एक कारण महत्त्वाचे वाटते. ज्या मुलीला तलावाबाहेर आणखी एखादी जागा आहे, जिथे तिला शंभराव्या भागाने मोजत नाहीत, तिला वेळ थांबल्यावर स्वतःची उपासमार करावीशी वाटण्याची शक्यता कमी असते. अभ्यास ही खेळाची भरपाई मानली की खेळाडू तो उद्यावर ढकलतो. तो खेळालाही आधार देतो हे चौदाव्या वर्षी कोणीतरी सांगायला हवे. इंग्लंडमधील क्रिस्टल पॅलेस या फुटबॉल क्लबने अकादमीतून सोडलेल्या तरुण खेळाडूंशी तीन वर्षे संपर्क ठेवून त्यांना शिक्षण, नोकरी किंवा दुसरा क्लब शोधायला मदत करण्याची योजना जाहीर केली. अशी योजना ही बातमी ठरावी, यातच बाकी सगळे आले.

परत येण्याची उदाहरणे नाहीत असे मात्र नाही, आणि त्यांतले एक तर त्या मुलाच्या प्रश्नाला जणू थेट उत्तर देणारे आहे. ब्रिटनने २००७ मध्ये उंच तरुण-तरुणींना नौकानयन, हँडबॉल अशा खेळांकडे वळवण्यासाठी शोधमोहीम काढली, आणि स्त्रियांसाठी उंचीची अट १८० सेंटिमीटर ठेवली. हेलन ग्लोव्हर त्या अटीला किंचित कमी पडत होती. मोजणीच्या वेळी ती चवड्यांवर उभी राहिली, असे तिनेच पुढे सांगितले आहे. २००८ मध्ये तिने वल्हवायला सुरुवात केली आणि २०१२ मध्ये हेदर स्टॅनिंगच्या जोडीने तिने लंडन ऑलिम्पिकमधले यजमानांचे पहिले सुवर्णपदक मिळवले. हेप्टॅथलॉन ही सात प्रकारांची मैदानी स्पर्धा खेळणारी लिझी यार्नल्ड अशाच एका शोधमोहिमेतून स्केलेटनकडे, म्हणजे छोट्या घसरगाडीवर पालथे झोपून बर्फावरून घसरण्याच्या खेळाकडे, गेली आणि २०१४ आणि २०१८ अशा दोन्ही हिवाळी ऑलिम्पिकमध्ये जिंकली. फुटबॉलपटू जेमी वार्डीला सोळाव्या वर्षी लहान चणीचा म्हणून अकादमीने सोडले होते. कारखान्यात काम करत, खालच्या स्तरावरच्या क्लबांकडून खेळत तो वर आला आणि २०१६ मध्ये लेस्टर सिटीसाठी प्रीमियर लीग जिंकला. पहिल्या दोन गोष्टी आणि तिसरी यांच्यात फरक आहे, आणि मला तो सोडवत नाही. ग्लोव्हर आणि यार्नल्ड यांच्यासाठी कोणीतरी दार मुद्दाम उघडले होते. वार्डी भिंत चढून आला. भिंत चढून आलेल्याची गोष्ट अधिक रंगते, म्हणून ती निवड न झालेल्या प्रत्येक मुलाला सांगितली जाते, आणि ऐकणाऱ्या मुलाला त्यातून एवढेच कळते की आता भिंत चढणे हे त्याचे काम आहे.

पुढे एका संध्याकाळी, मैदानावर चुन्याच्या रेषा आखून झाल्यावर, मी प्रशिक्षकांकडे हा विषय काढला. त्यांनी शांतपणे ऐकले. बसलेली उंची, जन्माचा महिना, आई-वडिलांची उंची हे तीन रकाने अर्जात वाढवायला ते लगेच तयार झाले; उडीचा आकडा आणि उडीची रीत यांना वेगळे गुण द्यावेत हेही त्यांना मान्य झाले, फक्त रीतीचे गुण देणारा माणूस कोण, असे त्यांनी विचारले, कारण त्यावरून पालक भांडतील. निवड न झालेल्यांपैकी उशिरा वाढणाऱ्या मुलांची वेगळी यादी करून त्यांना सुट्टीच्या दिवशी सरावाला बोलवावे, ही माझी सूचना मात्र त्यांनी बराच वेळ हातात खेळवली. त्यांचे म्हणणे असे होते की त्यांच्या कामाचा हिशेब चौदा वर्षांखालच्या पदकांवरून होतो, दरवर्षी होतो, आणि जी मुले चार वर्षांनी फळ देतील त्यांच्यावर घालवलेली सुट्टी त्या हिशेबात कुठेच लिहिली जात नाही. यावर मी नॉर्वेचे उदाहरण दिले. तिथे १९८७ पासून मुलांच्या खेळांविषयी नियम आहेत, अकराव्या वर्षापर्यंत क्रमवारी आणि गुणतक्ते ठेवत नाहीत, तेरा वर्षांखालील मुलांच्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नसतात, आणि सुमारे पंचावन्न लाख लोकसंख्येच्या त्या देशाने २०२२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये १६ सुवर्णपदके मिळवली. ते म्हणाले, "तिथे पैसाही आहे आणि बर्फही आहे." ते खरेच आहे. पदके त्या नियमांमुळे मिळाली असे सिद्ध करता येणार नाही. लहानपणी क्रमवारी न लावल्याने पदके हुकत नाहीत, एवढेच फार तर म्हणता येईल.

मग त्यांनी मला जे विचारले त्याचे उत्तर माझ्याकडे अर्धेच आहे. वसतिगृहातल्या खाटा ठरलेल्या आहेत. सोळाव्या वर्षी वाढून, ताकद कमावून ती वेगळ्या यादीतली मुले आली, तर दोन वर्षे जीव तोडून सराव केलेल्या कोणाची खाट रिकामी करायची? तेव्हा बाहेर जाणारा मुलगा हा आजच्या दांडग्या मुलांपैकीच कोणीतरी असेल, ज्याचे आई-वडील कठड्यावर बसून तास मोजत आहेत, आणि ज्याला आपणच सांगितले आहे की तो खास आहे. मी म्हणालो की निदान त्याला पहिल्याच दिवशी हे सांगून ठेवायला हवे, की ही निवड दोन वर्षांची आहे, दुसरी यादीही चालू आहे, आणि त्याची शाळा सुटता कामा नये. प्रशिक्षक म्हणाले की असे सांगितले तर निम्मे पालक मुलाला दुसऱ्या केंद्रात घेऊन जातील. आम्ही त्यावर अंधार पडेपर्यंत वाद घातला. वेगळ्या यादीचे त्यांनी फक्त फेक आणि उडी या दोन प्रकारांपुरते मान्य केले आहे, तेही एका वर्षासाठी आणि माझी सुट्टी मी दिली तर, आणि मी ती दिली आहे.